कानाडोळा नको : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या दिवसांत झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) एका नाटकाचं रेकॉर्डिंग केलं. कॅमेरा मांडवात मागे, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीची टाळी जुळवली, सगळं नीट होतं. 2 तास 40 मिनिटांनी शेवटच्या प्रवेशात मात्र ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. फरक 7 फ्रेमचा. काय चुकलं? (एक वाचक, महाल)

उत्तर : चूक घड्याळांची आहे. कॅमेरा आणि रेकॉर्डर, दोघांच्या पोटात वेळ मोजणारं आपापलं क्वार्ट्झ क्रिस्टल असतं आणि दोन क्रिस्टलं तंतोतंत एका चालीने चालत नाहीत. सेकंदाला 25 फ्रेमच्या (चित्रांच्या) हिशेबाने 1 फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद, 7 फ्रेम म्हणजे 280. हे 9,600 सेकंदांत साचलं, म्हणजे 10 लाखांत साधारण 29 भाग. साध्या यंत्रांकडून याहून जास्त अपेक्षा नको. हाच फरक अर्ध्या तासात 1.8 सेकंदांचा असता, तर सेकंदाला 29.97 आणि 30 फ्रेम या दोन वेगांचा घोळ समजायचा. कधी पुढे, कधी मागे असा खेळत असता, तर मोबाइलचा व्हेरिएबल फ्रेम रेट, म्हणजे सतत बदलणारा फ्रेमचा वेग. तसली फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (स्थिर) रेटवर काढायची, मगच टाइमलाइनवर घ्यायची.

आता दुरुस्ती. बहुतेक जण ऑडिओ क्लिपचा स्पीड बदलायला जातात आणि तिथेच फसतात. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या त्या खान्यात सहसा दोनच दशांश चालतात. 100.01 टक्के केलं की तुमच्या लांबीत 0.96 सेकंद, म्हणजे 24 फ्रेम सरकतात. 7 फ्रेमचं दुखणं जाऊन उलट बाजूने 17 फ्रेमचं मागे लागतं. त्यापेक्षा हाताने करा. 160 मिनिटांत 7 फ्रेम, म्हणजे दर 23 मिनिटांना एक. त्या सुमाराला जिथे अंधार किंवा प्रवेशबदल असेल, तिथे सगळे ऑडिओ ट्रॅक एकत्र कापा, 1 फ्रेम काढून टाका, पुढचा आवाज ओढून घ्या आणि सांध्यावर छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढत येईल. चित्राला हात लावू नका. गाणं चालू असताना तर मुळीच कापू नका. तबल्याचा ठेका अडखळलेला प्रेक्षकाला ओठांच्या आधी कळतो. अर्धा-एक फ्रेम उरलाच, तर आवाज मागे राहिलेला परवडतो, पुढे गेलेला नाही.

पुढच्या खेपेला टाळी शेवटीही घ्या आणि ती डोळ्यांनी जुळवा, कॅमेऱ्याच्या माइकच्या वेव्हफॉर्मवरून (आवाजाच्या आलेखावरून) नव्हे. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. मंचापासून 14 मीटरवर कॅमेरा असेल तर त्याच्या माइकमध्ये तो 1 फ्रेम उशिरा पोचतो, आणि आपोआप जुळवणी केली की तोच उशीर रेकॉर्डरच्या आवाजालाही चिकटतो.

प्रश्न : मे महिन्यात घरी मुलाखत घेतली, कूलर चालूच राहिला. नॉइज रिडक्शन लावलं तर माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : एकाच झटक्यात 20 डेसिबल काढायला गेलं की असंच होतं. कूलरमध्ये दोन आवाज असतात : मोटारची घरघर आणि हवेची सळसळ. दोघांना औषध वेगळं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून घरघर 100, 200, 300 हर्ट्झवर बसते. तिथे अगदी अरुंद नॉच, म्हणजे तेवढाच स्वर दाबणारा फिल्टर द्या. रुंद दिलात तर पुरुषाच्या आवाजाचा पायाच जातो, कारण तो 100 च्या आसपासच असतो. मग 80 हर्ट्झखालचं हाय-पास फिल्टरने काढा. सळसळीसाठी रिडक्शन 6 डेसिबल, पुन्हा एकदा 6, आणि शब्द पाणचट वाटायच्या आत थांबा. उरलेला आवाज राहू द्या. उलट जिथे कट आहेत तिथे श्वासांमधल्या मोकळ्या जागांतून जमवलेली तीच सळसळ खाली अंथरा. एकसारखा कूलर कान विसरतो. येणारा-जाणारा विसरत नाही. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवा म्हणणं सोपं आहे, पण 10 मिनिटं बोलणं आणि मग 5 मिनिटं कूलर, एवढं पाहुण्यालाही चालतं.

प्रश्न : लॅपटॉपवर केलेलं ग्रेडिंग (रंग-उजेडाची जुळवणी) टीव्हीवर फिकट, धुरकट का दिसतं? (एक वाचक, इतवारी)

उत्तर : आधी लेव्हल्स, म्हणजे काळ्या-पांढऱ्याचे आकडे पाहा. व्हिडिओ 16 ते 235 चा असून कुठेतरी 0 ते 255 चा समजला गेला, तर काळा रंग राखाडी होतो. ते ठीक असेल तर खिडकी बघा. दुपारच्या उजेडात स्क्रीन अंधारी वाटते, म्हणून आपण चित्र उजळत जातो आणि रात्री ते पांढरट दिसतं. पडदा ओढा, स्क्रीन 6500 केल्विन, गामा (मधल्या छटांचा उजेड) 2.4 आणि प्रखरता 100 निट्सच्या जवळ आणा. तरी शंका आलीच तर डोळ्यांवर नाही, चित्राचा उजेड मोजणाऱ्या वेव्हफॉर्म आलेखावर विश्वास ठेवा.

प्रश्न : बीएस्सी झालं. टीव्हीच्या साउंडमध्ये जायचंय. मुंबई गाठू का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : मालिकांचं मिक्सिंग मुंबईत चालतं, तेव्हा कधीतरी जावं लागेलच. पुण्याच्या एफटीआयआयचा (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचा) पर्यायही पाहा. पदवी हातात आहेच. पण पहिलं काम सहायकाचं मिळेल, आणि त्याची तालीम नागपुरात होते. ओळखीच्या एखाद्या एडिटरची टाइमलाइन घ्या. संवाद, संगीत, इफेक्ट्स वेगळ्या ट्रॅकवर लावा. एएएफ (टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची फाइल) काढताना प्रत्येक क्लिपच्या दोन्ही टोकांना 5 सेकंदांचे हँडल्स (जादा आवाज) ठेवा, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. कार्यक्रम सुरू होण्याच्या बरोबर 2 सेकंद आधी 1 फ्रेमचा 1 किलोहर्ट्झ टोन ठेवा. तो नसला की स्टुडिओतला माणूस अर्धा तास जुळवत बसतो आणि तुमचं नाव लक्षात ठेवतो. ईबीयू आर 128 या युरोपीय प्रसारणाच्या नियमाप्रमाणे सरासरी आवाज −23 एलयूएफएस आणि ट्रू पीक (सर्वांत उंच टोक) −1 डेसिबलच्या आत, असं मिक्स बसवून पाहा. नमुना म्हणून स्फोट चढवलेला ट्रेलर पाठवू नका, तो सगळेच पाठवतात. रस्त्यावर घेतलेला 3 मिनिटांचा संवाद आधी कसा होता आणि नंतर कसा केला, ते दोन्ही पाठवा.