नाशिकमध्ये घरीच रोज दीड तास देऊन जर्मन, जपानी आणि स्पॅनिश एकत्र शिकता येतील का?

येतील, पण तिन्ही एकाच दिवशी शून्यापासून सुरू करू नका. एक भाषा ए-वनपर्यंत (म्हणजे अगदी पहिल्या, प्राथमिक पातळीपर्यंत) न्या, मगच दुसरी धरा. मी सातपूरला शिफ्ट सांभाळून जर्मन आणि जपानी असंच करतोय: सकाळी चहाआधी एक तास नवी भाषा, रात्री अर्धा तास जुनीची उजळणी. वेळ आणि वही वेगळी ठेवली की सरमिसळ कमी होते.

जपानीची धास्ती घेऊ नका, वाक्यरचना आपल्यासारखीच आहे. ‘वाताशी वा नाशिकु नी सुन्दे इमासु’ म्हणजे ‘मी नाशिकात राहतो’. ‘नी’ म्हणजे आपला ‘-त’, क्रियापद शेवटी. वेळ खाते ती कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली चिन्हं. जर्मनमध्ये तीन लिंगं मराठीसारखीच, फक्त जुळतील ही आशा सोडा. खुर्ची तिकडे पुल्लिंगी आणि चक्क मुलगी नपुंसकलिंगी!

एक मात्र आहे, स्वअभ्यासाने वाचन आणि व्याकरण जमतं, बोलणं अडतं. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी कुणाशी ऑनलाइन बोला. जेएलपीटी, म्हणजे जपानीची प्रावीण्य परीक्षा, द्यायची असेल तर केंद्रं मुंबई आणि पुण्यात आहेत.