फोर बाय फोर टाकलं तरी पुढची चाकं गप्प का? वाचकांचे प्रश्न, गाडीची उत्तरं

प्रश्न : नमस्कार दादा. देवगड तालुक्यात आमची आंब्याची बाग आहे, बागेतून वर डांबरी रस्त्याला यायला जांभ्याचा चांगलाच उभा चढ आहे म्हणून मुद्दाम सेकंडहँड डिझेल पिकअप घेतली ती फोर बाय फोरवाली, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी. लिव्हर फोर-एचला, म्हणजे चारही चाकांवर, टाकलं की डॅशवर हिरवा दिवा पण लागतो, पण गेल्या पावसात चढावर मागचीच चाकं भिरभिरत राहिली, पुढची नुसती बघत बसली. गॅरेजवाला म्हणतो ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा, गेला, खोलून चेन आणि गिअर टाकावे लागतील, सत्तर हजाराच्या पुढे जाईल. आंब्याच्या पेट्या सुरू व्हायच्या आधी काम उरकायचंय. करू का खर्च?

उत्तर : भाऊ, ट्रान्सफर केस खोलू देऊ नका. निदान आज तरी नको. कदाचित तो गेलाही असेल, पण कुणी तपासलंय असं तुमच्या पत्रातून दिसत नाही, आणि न तपासता सत्तर हजाराचं काम काढणं मला पटत नाही.

आधी त्या हिरव्या दिव्याचं बघू, कारण सगळे त्याच्यावरच विश्वास ठेवून बसतात. बऱ्याच गाड्यांत तो दिवा ट्रान्सफर केसवर बसवलेल्या एका छोट्या स्विचवरून लागतो. आतला फोर्क, म्हणजे जोडणी सरकवणारा तुकडा, सरकला की स्विच दाबला जातो, दिवा लागतो, बास. पुढच्या चाकापर्यंत ताकद पोचली की नाही हे त्या स्विचला कळत नाही. म्हणजे दिवा लागतोय याचा अर्थ उलट असा निघतो की तुमचा लिव्हर आणि फोर्क बहुतेक ठीक आहेत आणि भानगड पुढे कुठेतरी आहे.

पुढे म्हणजे कुठे, तर गिअरबॉक्समधून ताकद येते ट्रान्सफर केसमध्ये, तिथून पुढच्या प्रॉपेलर शाफ्टने (गाडीखालच्या लांब दांड्याने) पुढच्या डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरला, तिथून दोन्ही बाजूच्या अ‍ॅक्सल शाफ्टने हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, आणि मग चाकात. या वाटेवर जोडणी बहुतेक पिकअपमध्ये दोन ठिकाणी होते. एक ट्रान्सफर केसच्या आत, आणि दुसरी पुढच्या अ‍ॅक्सलवर किंवा थेट हबमध्ये. टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, चालताना पुढचा सगळा पसारा उगाच फिरू नये, डिझेल आणि झीज वाचावी म्हणून ही दुसरी जोडणी सोडून ठेवलेली असते. लोक पहिलीकडेच बघतात, दुसरी आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं.

तुमच्या गाडीत दुसरी जोडणी कुठल्या प्रकारची आहे ते वाकून बघा. पुढच्या चाकाच्या मधोमध फिरवायची चकती असेल, त्यावर लॉक आणि फ्री असं लिहिलेलं असेल तर ते हाताने लावायचे हब आहेत, आणि आधीच्या मालकाने ते फ्रीवर ठेवले असतील तर तुम्ही आयुष्यभर लिव्हर ओढलात तरी पुढची चाकं हलायची नाहीत. दोन्ही चकत्या लॉकवर फिरवा, काम संपलं, खर्च शून्य. सेकंडहँड गाडीत हे बघायचं राहून जातं. चकती नसेल, पण हबकडे किंवा पुढच्या अ‍ॅक्सलवरच्या एका गोल डबीकडे बारीक रबरी पाइप जात असेल तर ती व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारी सिस्टीम. पाइपऐवजी मोटर आणि वायर दिसली तर इलेक्ट्रिक.

आता चाचणी. सपाट जागा हवी. आधी कच्च्या रस्त्यावर फोर-एच टाकून गाडी सरळ थोडी पुढेमागे करा म्हणजे दात बसायला संधी मिळते, मग गाडी उभी करून गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, इंजिन बंद पण चावी ऑनवरच. पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून खाली जॅक स्टँड ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. आणि चाकं वर असताना इंजिन चालू करून बघू या असा मोह झाला तरी करायचं नाही, मागची चाकं जमिनीवर आहेत, गाडी स्टँडवरून उडी मारेल.

प्रथम पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवा. थोडासा हलेल, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये तेवढी ढील असतेच, पण जर तो गरागरा फिरला तर मात्र ट्रान्सफर केस जोडलाच जात नाहीये, चेन तुटली असेल किंवा फोर्क अर्धवट सरकत असेल, तेव्हा तुमचा गॅरेजवाला बरोबर. शाफ्ट घट्ट असेल तर ट्रान्सफर केसचं काम चोख आहे, त्याला हात लावायचं कारण नाही. मग एक पुढचं चाक हाताने फिरवा आणि कुणाला तरी दुसऱ्या बाजूला उभं करा. समोरचं चाक उलट दिशेने फिरलं तर सगळी साखळी जोडलेली आहे. तुमचं चाक एकटंच फिरत राहिलं आणि समोरचं ढिम्म, तर जोडणी चाकाजवळ किंवा अ‍ॅक्सलमध्ये सुटलेली आहे. चाकाच्या मागे रबरी बूटवाला शाफ्ट दिसतो ना, त्याच्यावर खडूने एक रेघ मारा. चाक फिरताना रेघ जागेवरच राहिली तर हब लागत नाहीये, रेघ चाकाबरोबर फिरली आणि तरी समोरचं चाक गप्प, तर समोरचा हब किंवा अ‍ॅक्सलमधली जोडणीची कॉलर लागत नाहीये. दोन्ही बाजूंनी करून बघा, नेमकी जागा कळते.

माझा अंदाज विचाराल तर व्हॅक्यूम. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपसूक तयार होत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो, बऱ्याचदा अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला, आणि तोच पंप ब्रेकच्या बूस्टरलाही (पेडल हलकं करणाऱ्या डब्याला) व्हॅक्यूम देतो. म्हणून ब्रेक पेडलही हल्ली कडक लागत असेल तर पंप किंवा मुख्य पाइप बघा, आणि त्या बाबतीत फोर बाय फोरच्या आधी ब्रेकचं काम करा. ब्रेक मऊ आणि नीट असतील तर पुढचे बारीक पाइप, ते जिथे वळतात तिथे चिरतात, इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन टोकाला सैल होतात, आणि बागेत उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर ते आवडीने कुरतडतात. प्रत्येक पाइप बोटाने वाकवून बघा, बारीक भेग सरळ असताना मिटते आणि वाकवली की उघडते. मग सोलेनॉइड, म्हणजे व्हॅक्यूम चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह, त्याच्या श्वासाच्या तोंडाला छोटी जाळी किंवा फोम असतो तो लाल मातीने गच्च झालेला सापडतो. शेवटी मीटरवाल्या व्हॅक्यूम हातपंपाने डबीवर व्हॅक्यूम ओढा, पाऱ्याच्या १५ ते २० इंचावर काटा नेऊन मिनिटभर बघा, काटा खाली आला तर आतला पडदा फाटलाय, नाही आला आणि आतला रॉड सरकला तर डबी चांगली. पाइप मीटरवर मिळतो, फक्त आतल्या भोकाचं माप तेच घ्या आणि व्हॅक्यूमचाच घ्या, साधा पाण्याचा पाइप आत ओढला जाऊन चपटा होतो.

हे सगळं करूनही शाफ्ट मोकळाच फिरला तर ट्रान्सफर केसचं ऑइल आधी नुसतं काढून बघा. चमकी, लोखंडाचा चुरा किंवा दाताचा तुकडा निघाला तरच खोलायचं. परत भरताना मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच ऑइल, कारण चेनवाल्या कितीतरी ट्रान्सफर केसमध्ये गिअर ऑइल नाही तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल लागतं आणि गॅरेजात सवयीने जाड ओततात.

आणि दुरुस्त झाल्यावर ती नुसती पावसाची वाट बघत ठेवू नका. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट दिलेलं आहे की दर महिन्याला निदान १६ किलोमीटर फोर बाय फोरमध्ये चालवा म्हणजे पुढच्या भागांना ऑइल पोचतं. तुमच्याकडे कातळावरचे कच्चे रस्ते हवे तेवढे आहेत.

प्रश्न : जुन्नरकडे टोमॅटो करतो. शेतातून क्रेट भरून फोर बाय फोरमध्ये बाहेर काढतो, पण डांबरीवर आलो की स्टेअरिंग जड होतं, टायर कुईकुई करतात आणि लिव्हर परत टू-एचला येतच नाही, लाथ मारावी लागते. मागचे टायर दिवाळीत नवीन टाकले, पुढचे जुनेच आहेत. गिअर अडकतोय का?

उत्तर : गिअर चांगला आहे, अडकतोय तो पीळ. तुमच्यासारख्या लिव्हरवाल्या पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना सरळ बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा मारतात. चिखलात, मातीत टायर थोडा घसरतो आणि हिशेब जुळतो, डांबर मात्र टायरला घसरू देत नाही, मग ओलं कापड पिळावं तसा सगळा ताण शाफ्ट आणि दातांत साठतो आणि दात एकमेकांना सोडत नाहीत.

त्यात तुमचे टायर. समजा मागच्या नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल आहे आणि पुढच्या जुन्याची ३. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक, म्हणजे घेरात ३१ मिलिमीटर. २४५/७० आर १६ मापाच्या टायरला हे एका किलोमीटरमागे १३ मीटरच्या आसपास जातं. म्हणजे तुम्ही नाकासमोर सरळ चाललात तरी दर किलोमीटरला पुढची आणि मागची चाकं १३ मीटरने भांडणार, आणि ते भांडण ट्रान्सफर केसच्या चेनवर निघणार. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, जवळपास सारखे झिजलेले ठेवा, अदलाबदल वेळेवर करा, नाहीतर आज जो नुसता पीळ आहे तो उद्या खरोखरचा बिघाड होईल. हवा पण तपासा.

लाथ बंद करा. लिव्हरच्या खालचा बुश आणि जोडणी त्याने वाकते आणि मग अर्धवट गुंतायचा नवीनच त्रास सुरू होतो. डांबर लागायच्या आधी, शेतरस्त्याच्या मातीवर असतानाच टू-एच करा. विसरलात तर स्टेअरिंग सरळ ठेवून दहा-पंधरा फूट रिव्हर्स घ्या, क्लच दाबून हलक्या हाताने लिव्हर ओढा, पीळ उलटा सुटला की तो लोण्यासारखा येतो.

प्रश्न : आम्ही कॅनडात अल्बर्टामध्ये असतो. पिकअपला बटणाचं फोर बाय फोर आहे. थंडी वजा २५ झाली की बटण दाबल्यावर दिवा नुसता मिचमिचत राहतो, स्थिर होत नाही. दुपारी कधी कधी लागतं.

उत्तर : दुपारी लागतं हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगाचं. दात तुटलेले असते तर दुपारीही लागलं नसतं. बटणाच्या गाडीत ट्रान्सफर केसवर एक छोटी मोटर असते, ती फोर्क फिरवते, आणि तिच्यातच जागा सांगणारा सेन्सर असतो. कॉम्प्युटरने सांगितलं आणि सेन्सरकडून पोचल्याची खबर आली नाही की दिवा मिचमिचतो. थंडीत आतलं ग्रीस घट्ट, बॅटरी अशक्त, त्यात तुमच्याकडे रस्त्यावर टाकतात ते मीठ वायरच्या कपलरच्या (जोडाच्या) पिनांत शिरून हिरवं होतं.

शांत जागी इंजिन बंद, चावी ऑन, गिअर न्यूट्रल, आणि बटण दाबून ऐका. गाडीखालून घर्र असा आवाज येऊन थांबला तर मोटर फिरतेय, सेन्सर किंवा त्याची वायर बघा. एकच टिक आली तर रिले (मोटरला वीज सोडणारा स्विच) काम करतोय पण मोटर जाम. काहीच नाही तर फ्यूजपासून सुरुवात. कपलर उघडून पिना साफ करा आणि बॅटरीची चाचणी करून घ्या, हे मोटर बदलायच्या आधी. स्वस्तातला स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचेच कोड दाखवतो, ट्रान्सफर केसच्या मॉड्यूलचा कोड वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जा. आणि फक्त फोर-एललाच, म्हणजे चारही चाकांच्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरलाच, मिचमिचत असेल तर बिघाड नसेलही, न्यूट्रल आणि गाडी थांबलेली किंवा अगदी हळू, ही अट पूर्ण होईपर्यंत तो असाच वाट बघतो.

प्रश्न : मुळशीत एका नाल्यात अडकलो तेव्हा मित्राने बाहेरून बघितलं, पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी दोनच चाकं फिरत होती. फोर बाय फोर अर्धंच लागतंय का?

उत्तर : पूर्ण लागतंय. पुढचं एक आणि मागचं एक फिरलं म्हणजे ताकद दोन्ही अ‍ॅक्सलला पोचली. नाला ओलांडताना गाडी पिळली, ती दोन चाकं हलकी झाली, आणि साधं डिफरन्शियल ज्या चाकाला कमी अडथळा त्यालाच फिरवतं. फक्त मागचंच चाक फिरलं असतं तर मी तुम्हाला वरची खडूवाली चाचणी सांगितली असती. तसा नाला तिरका न घेता शक्य तेवढा सरळ घ्या, फोर-एलमध्ये, हौद्यात मागच्या बाजूला थोडं वजन ठेवून, आणि चाक भिरभिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वाढवू नका. नेहमीचीच वाट असेल तर मागच्या डिफरन्शियलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) बसवायचा विचार करा, पण आधी फावड्याने नाल्याचा काठ थोडा उतरता करून बघा.