डी अँड डीची कोणती छापील अ‍ॅडव्हेंचर्स क्लासिक ठरतात, आणि का?

तुमचा प्रश्न असा, की डंजन्स अँड ड्रॅगन्स या, फासे टाकून गोष्ट रचत खेळायच्या खेळाची इतकी तयार अ‍ॅडव्हेंचर्स छापून आली, त्यांतली मोजकीच चाळीस-चाळीस वर्षं का खेळली जातात, आणि नव्या डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) सुरुवात त्यांच्यापासूनच करावी का. मी पुण्यात अकरा वर्षं रविवारचं टेबल, म्हणजे खेळाडूंचा गट, चालवतोय. गेली चार वर्षं एक ऑनलाइन टेबलही आहे, त्यातले तिघे न्यू जर्सीत राहणारे मराठी खेळाडू. या दोन टेबलांवर घडलेला एक प्रसंग आधी सांगतो, कारण माझं मत त्यावरच बनलंय.

‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे डी अँड डीच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सचं १९७९ सालचं मॉड्यूल, म्हणजे तयार साहसाचं पुस्तक. सीमेवरचा एक किल्ला, त्याच्यापासून काही अंतरावर एक घळ, आणि घळीच्या दोन्ही अंगांना गुहाच गुहा. एका गुहेत गॉब्लिन, म्हणजे खुजे दुष्ट राक्षस, राहतात. त्यांच्या शेजारी, गुप्त दारापलीकडे, एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. गॉब्लिनांवर हल्ला झाला की ते त्या दारातून २५० सोन्याच्या नाण्यांची थैली ओगरकडे फेकतात आणि तो त्यांच्या बाजूने लढायला येतो. पुस्तकात हे सगळं काही ओळींत आटोपलंय.

पुण्याच्या टेबलावर थैली उडाली, ओगर वाकून आत आला, आणि आमच्यातली एक खेळाडू ओरडली, “आम्ही तीनशे देतो!” जास्त पैसे समोर दिसले तर ओगर बहुधा फुटेल, एवढंच पुस्तकात आहे. मी दोन फासे टाकले, आकडा चांगला आला, आणि ओगर जागच्या जागी वळला. पुढचे सहा रविवार तो त्यांच्याबरोबर फिरत होता आणि दर मुक्कामाला एक बकरा मागत होता. ऑनलाइन टेबलाला ओगरची गुहा आधी सापडली. त्यांनी त्याला मारलं आणि अंधारात त्याच्याच जागेवर दबा धरून बसले. पलीकडे आरडाओरडा झाला, दार किलकिलं झालं आणि गॉब्लिनांनी थैली थेट त्यांच्या हातात दिली.

मागच्या दिवाळीत न्यू जर्सीवाल्यांपैकी एकजण घरी आला होता. त्याची आणि रविवारच्या मंडळींची पहिलीच भेट. पाच मिनिटांत विषय ओगरवर गेला आणि मग रात्री दोनपर्यंत कुणी उठलं नाही. दोन्हीकडच्या गोष्टी सर्वस्वी वेगळ्या होत्या, पण घळ तीच होती. कोबोल्ड नावाच्या चिमुकल्या राक्षसांच्या दाराशी असलेला खड्डासुद्धा दोघांना ठाऊक होता.

क्लासिक मी यालाच म्हणतो. ज्या अ‍ॅडव्हेंचरमधून प्रत्येक टेबल आपली वेगळी गोष्ट घेऊन बाहेर पडतं, पण जागा मात्र सगळ्यांना एकच आठवते. यातलं एक जरी नसलं तर पुस्तक कितीही देखणं असो, काही वर्षांत विसरलं जातं.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ‘कीप’ बेसिक सेटच्या, म्हणजे नवख्यांसाठीच्या संचाच्या, खोक्यात फुकट मिळायचं, म्हणून ते सगळ्यांनी खेळलं. खोक्याचा वाटा मोठा आहे, हे मान्यच. पण त्याच खोक्यात त्याआधी माइक कारचं ‘इन सर्च ऑफ द अननोन’ यायचं. ते नव्या डीएमला शिकवण्यासाठी लिहिलेलं होतं, त्यामुळे खोल्यांची वर्णनं छापलेली आणि राक्षस व खजिन्याच्या जागा कोऱ्या. शेवटच्या यादीतून निवडून त्या आपण भरायच्या. शिकवणी म्हणून ते उत्तमच आहे. पण माझ्या तिसऱ्या खोलीत जे होतं ते तुमच्या तिसऱ्या खोलीत नव्हतं, मग आपण बोलणार कशाबद्दल? जुन्या खेळाडूंना त्यातली वेगवेगळ्या तळ्यांची खोली मात्र हमखास आठवते. ती छापलेली होती.

‘कीप’मध्येही मोकळ्या जागा आहेत, पण त्या नेमक्या ठिकाणी सोडल्यात. किल्ल्यातल्या कुणालाही नाव नाही. किल्लेदार, पुजारी, सावकार, खानावळवाला, बस्स. बाहेरच्या नकाशावर एक ‘अज्ञाताची गुहा’ दाखवलीय आणि तिच्यात काय आहे ते डीएमने ठरवावं, असं सांगून लेखक मोकळा झालाय. जे छापलंय ते मात्र एकमेकांत अडकलेलं आहे. कोण कुणाचा वैरी, कोण पैशाने फुटतो, किल्ल्यातला हसतमुख पाहुणा पुजारी खरा कुणाचा माणूस. खेळाडूंनी कुठलाही एक धागा ओढला की बाकीची घळ हलते. घटनांचा क्रम लिहून ठेवलेला नसूनही गोष्ट घडते, ती या अडकणुकीमुळे.

आता ‘टूम ऑफ हॉरर्स’बद्दल. ते माझ्या व्याख्येत बसत नाही असं तुम्ही म्हणाल, आणि मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. १९७५ च्या ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनातल्या स्पर्धेसाठी गायगॅक्सने ते वापरलं, १९७८ मध्ये छापलं. लढाया जवळपास नाहीत, सापळेच सापळे. भिंतीवर हिरव्या सैतानाचं तोंड, त्या तोंडात मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात जो शिरेल तो कायमचा नाहीसा. तिथे कुणाच्या नाटकाला, घासाघिशीला वाव नाही. पण सोबत चित्रांची वेगळी पुस्तिका येते. डीएम ते पान खेळाडूंसमोर धरतो आणि विचारतो, “काय करता?” जगभरातल्या टेबलांनी तेच चित्र पाहिलंय. त्यानंतर कोण वाकून बघतो, कोण दहा फुटी काठी घालतो, कोण मित्राला पुढे ढकलतो, हे टेबलागणिक बदलतं. मोकळीक एवढीच आहे, पण ती खरी आहे. तरी पहिलंवहिलं अ‍ॅडव्हेंचर म्हणून ते घेऊ नका. कॅरेक्टरवर जीव जडण्याआधीच ते जातं आणि नवा खेळाडू परत येत नाही. माझ्या टेबलावर असं घडलंय आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

माझं सगळ्यात लाडकं ‘रेव्हनलॉफ्ट’. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोने लिहिलेलं, १९८३ सालचं. ट्रेसी हिकमनने सांगितलेली त्याची जन्मकथा मला फार आवडते. एका खेळात भटकता भटकता त्याच्यासमोर एक व्हॅम्पायर आला. इतर राक्षस जसे खोलीत ठेवलेले असतात तसा तोही नुसता ठेवलेला. हा इथे काय करतोय, असा प्रश्न त्याला पडला, आणि त्या प्रश्नातून स्ट्राड फॉन झारोविच जन्मला. त्याला वाडा आहे, गाव आहे, एक फसलेलं प्रेम आहे आणि स्वतःच्या भावाचा खून आहे. तो शेवटच्या खोलीत तुमची वाट बघत बसत नाही. हवं तेव्हा येतो, घाव घालतो, निघून जातो.

पण मॉड्यूल म्हणून त्याची खरी ताकद पत्त्यांत आहे. सुरुवातीला मॅडम एव्हा पत्ते मांडून भविष्य सांगते. त्या पत्त्यांवरून सूर्यतलवार कुठे दडलीय, पवित्र चिन्ह कुठे आहे, स्ट्राड अखेर कुठे भेटेल, इतकंच काय, त्याला या वेळी हवंय काय, हे ठरतं. वाडा तोच, तिरप्या कोनातून काढलेले ते अफाट नकाशेही तेच, गोष्ट दरवेळी नवी. मी ते तीनदा चालवलंय. पत्ते खेळाडूंच्या देखत उलटतात, त्यामुळे डीएमने आधी ठरवून ठेवलंय असं कुणालाच वाटत नाही. तिसऱ्या वेळी तर पत्ता उलटताना माझेच हात गार पडले होते. २०१६ मध्ये पाचव्या आवृत्तीसाठी ‘कर्स ऑफ स्ट्राड’ निघालं, त्यात पुष्कळ भर घातली, पण पत्ते ठेवले.

‘अगेन्स्ट द जायंट्स’ची तीन मॉड्यूल्स (१९७८) याच माळेतली. पहिल्यात जायंट्सची, म्हणजे महाकाय राक्षसांची, मेजवानी चाललेला भला मोठा दिवाणखाना आहे आणि त्यात शिरायचं कसं हे सर्वस्वी तुमच्यावर. तिसऱ्यात कळतं की राक्षसांना चिथावणारे ड्राऊ आहेत, काळे एल्फ. या तिन्हींसह तिथून पुढे पाताळात उतरणारी मालिका १९८६ मध्ये ‘क्वीन ऑफ द स्पायडर्स’ या नावाने एकत्र छापली गेली. २००४ मध्ये ‘डंजन’ मासिकाने सर्वोत्तम तीस अ‍ॅडव्हेंचर्सची यादी केली तेव्हा पहिला क्रमांक तिचा होता, दुसरा ‘रेव्हनलॉफ्ट’चा.

ड्रॅगनलान्सच्या मॉड्यूल्सबद्दल (१९८४ पासून) माझं मत अनेकांना पटत नाही, तरी लिहितो. तीही ट्रेसी हिकमनचीच निर्मिती आणि त्यातलं जग सुंदर आहे. पण पुढच्या भागात लागणारी माणसं आधीच मरून चालत नाहीत, म्हणून महत्त्वाचं पात्र मेलं तर त्याचा मृतदेह सापडणार नाही अशी सोय करा, असा नियमच त्यात होता. खेळाडूने फासे टाकून खलनायकाला पाडावं आणि तो पुढच्या पुस्तकात परत यावा, तर मग फासे टाकायचे कशाला? त्या कथेवर माझंही प्रेम आहे, पण टेबलावर ती सगळ्यांची एकच राहते.

आता तुमच्यासाठी. ‘लॉस्ट माइन ऑफ फॅनडेल्व्हर’ घ्या. २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं, रिच बेकर आणि ख्रिस पर्किन्स यांचं. माझ्या मते आपल्या पिढीचं ‘कीप’ तेच आहे. रस्त्यात मेलेले दोन घोडे, झाडीतून गॉब्लिनांचे बाण, ही सुरुवात आता लाखो लोकांची सामाईक आठवण झालीय. पहिल्याच गुहेत यीमिक नावाचा गॉब्लिन कैद्याला कड्याच्या टोकाशी धरून उभा राहतो आणि म्हणतो, माझ्या सरदाराचं मुंडकं आणा, मग हा तुमचा. इथे घाई करू नका. खेळाडूंना आपसात वाद घालू द्या, चहा होऊन जाऊ दे. माझ्याकडे पाच गटांनी या प्रसंगाची पाच टोकं गाठलीत.

फक्त पहिली झाडीतली लढाई जपून चालवा. पहिल्या पातळीच्या, म्हणजे अगदी नवख्या पात्रांच्या, पार्टीला चार गॉब्लिन भारी पडतात. एकजण जखमी होऊन पळाला तर पळू द्या, तोच त्यांना गुहेची वाट दाखवील.

ते संपलं की ‘कीप’ करा. जुन्या नियमांची अडचण वाटली तर गुडमन गेम्सने २०१८ मध्ये ते पाचव्या आवृत्तीसाठी नव्याने काढलंय. किल्ल्यातल्या माणसांना आपल्या मनाने नावं द्या. अज्ञाताची गुहा मात्र पहिल्या दिवशी भरून ठेवू नका. तिच्याबद्दल खेळाडू खानावळीत काय काय बोलतात ते आधी ऐका आणि मग आत काय ठेवायचं ते ठरवा. माझ्या रविवारच्या मंडळींनी तिच्याविषयी इतक्या अफवा उठवल्या होत्या, की शेवटी त्यांतलीच एक मी खरी केली.