खिडकीवरून : “ते हेरंबकर कुठे गेले?”

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं, की नाटकात आणि पडद्यावर, दोन्हीकडे ज्याच्यासाठी तुम्ही पदरमोड करून जाता असा नट कोण? त्याच्याविषयी काही विचारायचं असेल तर विचारा. पाकिटं फोडत गेलो तर निम्म्याहून जास्त पत्रांत एकच नाव, दिलीप प्रभावळकर. ‘दशावतार’ सिनेमानंतर हे होणारच होतं.

नव्या वाचकांसाठी सांगतो, मी समीक्षक नाही. ठाण्यात बावीस वर्षं नाटकांच्या प्लॅनवर, म्हणजे तिकीटविक्रीच्या खिडकीवर बसलो. समोर कागदावर छापलेल्या खुर्च्या, हातात लाल-निळी पेन्सिल, आणि खिडकीपलीकडे “कडेची दोन द्या हो, आईचे गुडघे दुखतात” म्हणणारं ठाणं. नाटक बघायला मिळायचं ते हिशेब लागल्यावर, म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या अंकापासून, मागच्या भिंतीला टेकून. उत्तरंही तिथूनच देतोय.

प्रश्न : मी एकवीस वर्षांचा आहे. ‘दशावतार’ तीनदा पाहिला, तिसऱ्यांदा एकटा गेलो. आई म्हणते, “त्यांचं खरं काम तू पाहिलेलंच नाहीस.” मग सुरुवात कुठून करू? (ऐरोली)

आईचं म्हणणं अर्धं खरं. २०२५च्या सप्टेंबरात तो सिनेमा आला तेव्हा प्रभावळकर ८१ वर्षांचे होते. त्या वयात कोकणातला बाबुली मेस्त्री उभा करणं हेसुद्धा खरंच काम आहे, ते आईला सांगा. मग दोघं मिळून ‘चौकट राजा’ बघा, १९९१चा. लहानपणी झाडावरून पडून ज्याची बुद्धी तिथेच थांबली तो नंदू. त्यात एक गोष्ट मुद्दाम बघा. नंदू आपल्याकडे दया मागत नाही. तो त्याच्या उद्योगात असतो, रडणं आपलं आपण करायचं.

आणि हे बघून झालं की जयवंत दळवींचं ‘नातीगोती’ मिळवून वाचा. मतिमंद मुलाच्या आईबापांचं नाटक. त्यातल्या बापाचं, काटदऱ्यांचं काम प्रभावळकर करायचे. म्हणजे एकाच माणसाने रंगमंचावर अशा मुलाचा बाप केला आणि पडद्यावर असा मुलगाही. मला नेहमी वाटतं, या दोन्ही बाजूंनी घर पाहिलेला नट आपल्याकडे दुसरा नसावा. (असला तर पत्र येईलच, वाचक सोडत नाहीत.)

त्या नाटकाची एक आठवण. एक बाई खिडकीवर यायच्या. “दाराजवळच्या द्या. मुलगा बरोबर आहे, मध्येच उठावं लागेल.” मी दाराजवळच्या दोन खुर्च्यांवर फुली मारली. त्या प्रयोगाला त्या मध्येच उठल्या नाहीत. महिन्याभराने पुन्हा आल्या, पुन्हा ‘नातीगोती’च, पुन्हा दाराजवळच्याच. पैसे मोजता मोजता म्हणाल्या, “तो माणूस आमच्याकडे राहून गेलाय का हो?” मी काय बोलणार? सुटे पैसे दिले. आजवर प्रभावळकरांचं ऐकलेलं हे सगळ्यांत मोठं कौतुक, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत पैज लागली आहे. ‘हसवाफसवी’त सहा निरनिराळे नट होते असं शेजारचे काका म्हणतात. मी म्हणते, एकच. हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ द्यायची आहे. (नौपाडा)

काकांना मामलेदारची मिसळ खायला घेऊन जा. तिखट सांगा.

सहाही भूमिका प्रभावळकरांच्या, आणि नाटकही त्यांनीच लिहिलेलं. पण काकांना फार हसू नका. नव्वदच्या दशकात मी आमच्या आत्याला गडकरी रंगायतनला ‘हसवाफसवी’ दाखवायला नेलं होतं. आत्या चरईत राहायची, संगीत नाटकं ऐकून वाढलेली. त्यातले कृष्णराव हेरंबकर, जुन्या जमान्यातले थकलेले गायक नट, यांनी तिला पार गुंडाळून टाकलं. नाटक संपलं, सगळे कलाकार ओळीने उभे राहिले, टाळ्या झाल्या. आत्या खुर्चीवरून उठेना. म्हणाली, “ते हेरंबकर कुठे गेले? त्या म्हाताऱ्या माणसाला नमस्काराला का नाही आणलं पुढे?”

मी म्हटलं, ते हेच, मधे उभे आहेत ते.

“उगाच काहीतरी सांगू नकोस. हा तरणा आहे.”

तलावपाळीवरून घरी जाईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. थट्टा केली असं वाटलं तिला. दुसऱ्या दिवशी नाटकाची छापील जाहिरात दाखवली, तेव्हा कुठे नरमली. तरी पुढे कित्येक वर्षं “तुमचा तो प्रभावळकर” वेगळा आणि “आमचे हेरंबकर” वेगळे असंच चाललं होतं.

आता हे होतं कसं, तेही सांगतो. नट आत गेला की बाहेर बाकीचे कलाकार प्रसंग धरून ठेवतात. तेवढ्यात आत विग, कपडे, चष्मा, सगळं बदलायचं. एवढं कुणालाही सरावाने जमेल. अवघड असतं ते श्वास बदलणं. एका माणसाची धाप घेऊन आत गेलेला नट दुसऱ्याच्या निवांतपणाने बाहेर यायला हवा. मी मागून बघायचो तेव्हा चेहरा नीट दिसायचा नाही. तरीही पहिल्या दोन पावलांत कळायचं, की हा वेगळा गृहस्थ आला.

प्रश्न : आमच्या घरी दोन तट आहेत. हे म्हणतात चिमणराव, मी म्हणते टिपऱ्यांचे आबा. निकाल द्या. चव्वेचाळीस वर्षांचा संसार आहे, सांभाळून द्या. (घंटाळी)

काकू, संसार टिकला त्याचं कारण हा वाद असेल, मी कशाला मिटवू?

तरी एक गंमत सांगतो. दूरदर्शनवर कृष्णधवल चिमणराव झाले तेव्हा प्रभावळकर पस्तिशीच्या आसपास होते. चिं. वि. जोशींचा तो भित्रा, गडबडलेला चिमणराव, आणि शेजारी बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ. (कर्वे २०२५च्या ऑगस्टमध्ये गेले. बातमी वाचली आणि माझ्या तोंडून आपसूक “गुंड्याभाऊ गेला” असंच निघालं.) ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका केली तेव्हा ते साठीलाही टेकले नव्हते, आणि घरोघरचे आजोबा होऊन बसले. म्हणजे या माणसाने ऐन उमेदीत हेरंबकर केले, साठीआधी आबा केले, आणि आता कुठे त्यांचं वय त्यांच्या भूमिकांना गाठतंय.

माझं मत विचाराल तर आबा, अगदी थोडक्यात. कारण आबा त्यांच्याच लेखणीतून आले, ‘अनुदिनी’ या पुस्तकातून. स्वतः लिहिलेल्या माणसाला नट सहसा जास्त लाडावून ठेवतो. यांनी आबांना लाडावलं नाही. आबा चिडचिडे आहेत, कधी कधी चुकतात, नातवंडं त्यांना गप्पही करतात. तुमच्या यजमानांना सांगा की निकाल लागला नाही.

प्रश्न : तात्या विंचू म्हणजे प्रभावळकरच ना? मुलाला पटत नाही. (नेरूळ)

हो. १९९३च्या ‘झपाटलेला’तला हाडामांसाचा तात्या विंचू तेच. बाहुला रामदास पाध्ये यांचा. आणि २००६मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजीही तेच. त्या कामासाठी आणि ‘शेवरी’साठी मिळून त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलाला दोन्ही एका दिवशी दाखवू नका, रात्री झोपायचा नाही.

प्रश्न : मला त्यांना भेटायचं आहे. प्रयोगानंतर आत जावं तर काय बोलू हेच सुचत नाही, आणि सगळ्यांसारखा नुसता फोटो काढून परत यायचं नाही. तुम्ही तर कितीदा भेटला असाल! (ठाणे पूर्व)

एकदाही नाही. बावीस वर्षांत मेकअपरूमचं दार आणि माझी खिडकी यांत फार तर पन्नास पावलांचं अंतर असेल, पण ते मला ओलांडता आलं नाही. आत काय होतं ते मात्र बाहेर उभं राहून पुष्कळ पाहिलं. सहा रूपं करून घामाने निथळणाऱ्या माणसापुढे लोक “अप्रतिम” म्हणतात, दुसरा “निव्वळ अप्रतिम” म्हणतो, तिसरा सरळ खांद्यावर हात टाकतो. नट हसून मान डोलावतो. बिचारा दुसरं करणार काय?

तुम्ही एक करा. भेटायच्या आधी घरी बसून आठवा, की तुम्हाला नेमकं कुठे धरलं. कुठलं वाक्य, कुठला थांबा, हाताची कुठली हालचाल. तेवढंच सांगा, दोन वाक्यांत, आणि बाजूला व्हा, मागे रांग असते. भेट जमली नाही तर कागदावर लिहा. पत्रांची त्यांना माया असावी. ‘पत्रापत्री’ हे त्यांचं पुस्तक पत्रांचंच, त्याचं नाटक झालं तेव्हा वयाची पंचाहत्तरी ओलांडूनही ते त्यात उभे राहिले. आणि पत्रात स्वतःविषयी चार पानं लिहू नका. मला येतात तशी पत्रं, म्हणून माहीत आहे.

प्रश्न : गडकरी पुन्हा सुरू झालंय. तुमच्या ओळखीने पहिल्या रांगेतली दोन तिकिटं मिळतील का? (खारघर)

गडकरी दुरुस्तीनंतर २०२५च्या ऑगस्टमध्ये उघडलं, पण मी त्याआधीच निवृत्त झालोय. माझी ओळख आता कँटीनच्या वड्यापुरती. शिवाय खारघरहून एवढं येणार आणि पहिल्या रांगेत बसणार? मान वर करून दोन तास काढाल, आणि रंगमंचाच्या कडेमुळे नटाची पावलं नीट दिसणार नाहीत. असल्या नटाचा अर्धा अभिनय चालीत असतो. नववी-दहावी रांग मागा, मधली. आणि कुर्ल्याला वळसा घालण्याऐवजी पनवेल-ठाणे लोकलने या.