आकडा नाचतोय? आधी पंखा बघ

झवेरी बाजारातल्या गाळ्यात मिलिग्रॅमचा नवा काटा घेतलायस, तर आधी त्याची जागा ठरव. एसीचा झोत थेट आला की शेवटचा आकडा नाचणारच. काचेचं झाकण शोभेला दिलेलं नाही. टेबल घट्ट हवं, काटा सपाट बसलाय का ते दाखवणारा लेव्हलचा बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध. शटर उघडताच काटा चालू कर, पण अर्धा तास तापू दे, मग झीरो करून तपासणीचं वजन ठेव. तेही चिमट्यानेच, आपल्या हवेत बोटांना घाम बारा महिने.

काटा दिल्लीहून मागवलास का? मग इथे पुन्हा कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे प्रमाणित वजन ठेवून आकडा जुळवल्याशिवाय, सोनं लावू नकोस. मुंबईत गुरुत्वाकर्षण किंचित कमी, १० ग्रॅमला साधारण ५ मिलिग्रॅमचा फरक पडतो. गिऱ्हाईक हे ऐकून हसेल, हसू दे.

प्लास्टिकची पुडी पारड्यात नको, स्टॅटिकने आकडा सरकतो. वैधमापनचा, म्हणजे सरकारी वजनमाप खात्याचा, शिक्का वर्षाला घ्यावा लागतोच, पण रोजची तपासणी तुझी तूच करायची. वजन उचलल्यावर आकडा शून्यावर आला नाही, तर लगेच मेकॅनिकला फोन नको. पारडं काढून खाली बघ, बहुतेकदा सोन्याच्या किसाचा कण अडकलेला असतो. मऊ ब्रशने झाड. फुंकर मारू नकोस, कण आत जातो.