बटण गेलं कुठे? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न : ताई, मी कळव्याचा. आईचा कॉम्प्युटर क्लास आहे, छोटासाच, तिथले पीसी इतके जुने झाले की शेवटी सगळ्यांवर लिनक्स टाकलं. मीच टाकलं, त्यामुळे आता काहीही बिघडलं की माझ्या नावाने हाका. मागचं मोठं अपडेट झालं आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन गायब, मिनिमाइजचं बटणपण गायब. मुलं आईला विचारतात मॅडम विंडो खाली कशी पाडायची. मी रीतसर बग टाकला, म्हणजे डेव्हलपरकडे तक्रार नोंदवली, स्क्रीनशॉट लावले, तर उत्तर आलं की हे असंच डिझाईन आहे, आणि लगेच बंद. लिनक्सवर स्क्रीन, मेनू, बटणं पुरवणारी वेगवेगळी सॉफ्टवेअर असतात, त्यांनाही डेस्कटॉपच म्हणतात; त्यातल्या कोणत्या डेस्कटॉपचं ते लिहीत नाही, उगाच भांडणं होतात. पण मग लिनक्स कम्युनिटीचं, कम्युनिटीचं म्हणतात ती कम्युनिटी कुठली?

उत्तर : अरे हे दुखणं फार जुनं आहे. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम नावाच्या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती, ग्नोम ३, आली तेव्हा नेमकी हीच दोन गाऱ्हाणी होती, मिनिमाइज दिसत नाही आणि डेस्कटॉपवर काही ठेवता येत नाही. लिनस टोरवाल्ड्स, म्हणजे ज्याने लिनक्सचा कर्नल, त्याचा गाभा, लिहिला तोच, इतका वैतागला की त्याच वर्षी ग्नोम सोडून एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेला. (पुढे एक्स्टेंशन्स, म्हणजे वरून जोडायच्या सोयी, टाकून परत ग्नोमवर आला, हे मात्र कुणी सांगत नाही.) आता त्याचं नाही ऐकलं तर कळव्याच्या क्लासचं काय ऐकणार असं तुला वाटेल, आणि अगदीच चुकीचं नाही ते.

पण त्यांची बाजूपण बघ. ग्नोमवाले फार आधीपासून म्हणतात की प्रत्येक सेटिंगची किंमत असते. दहा चालू-बंद सेटिंग ठेवली की १०२४ प्रकारचे डेस्कटॉप तयार होतात, आणि त्यातला प्रत्येक कुणीतरी तपासायचा, बरेचदा फुकट, रात्री नोकरीवरून घरी आल्यावर. हे मला शंभर टक्के पटतं. जे पटत नाही ते असं की ग्नोमवाल्यांनी मिनिमाइज काढलं आणि त्याऐवजी वर्कस्पेस, म्हणजे एकाच स्क्रीनचे अनेक कप्पे, वापरा म्हणाले, ठीक आहे, पण ज्या बाईने वर्षानुवर्षं मुलांना विंडो खाली पाड आणि वर आण हेच शिकवलंय तिने आता काय शिकवायचं ते पण सांगा ना. ते कुणी सांगत नाही. सवय मोडण्याचा खर्च त्यांच्या हिशोबात धरलेलाच नसतो.

बरं सगळ्याच तक्रारी खऱ्या असतात असंही नाही हां. ठाणे स्टेशनला सॅटिस, म्हणजे बससाठीचा उंच पूल, झाला आणि बस वर गेल्या तेव्हा आमच्या बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं, आता रिक्षांच्या गर्दीतून बस पकडायला लावली तर ते घराबाहेर पडणार नाहीत. तसं डेस्कटॉपचंही होतं काही वेळा. सुरुवातीच्या आरड्याओरड्यात कुठलं दुखणं सवयीचं आणि कुठल्याने काम खरंच अडतंय हे वेगळं काढणं कठीण असतं, हे डेव्हलपरचं म्हणणं मी मान्य करते. पण वेगळं काढायला आधी वाचावं लागतं, बग बंद करून ते कसं होणार?

आणि तुझा मुख्य प्रश्न, कम्युनिटी कुठली. २०१० मध्ये उबुंटू या लोकप्रिय लिनक्सने विंडोची बटणं उजवीकडून डावीकडे नेली, लोक चिडले, तर उबुंटूचा संस्थापक मार्क शटलवर्थ याने सरळ सांगितलं की ही लोकशाही नाही, चांगला फीडबॅक द्या पण डिझाईनवर मतदान होणार नाही. मला हे उर्मट वाटलं होतं, पण निदान लपवाछपवी नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप मुख्य उबुंटूत आणला, त्याचा लाँचर, म्हणजे प्रोग्राम उघडायचा पट्टा, डाव्या कडेला खिळे ठोकून बसवल्यासारखा, तो खाली न्यायची सोय २०१६ मध्ये मिळाली आणि २०१७ मध्ये युनिटीच सोडून दिलं. तोवर बाकीच्यांनी आपापला मार्ग काढला होता. जुन्या ग्नोम २ चा कोड उचलून माटे हा डेस्कटॉप झाला, लिनक्स मिंट या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनी सिनॅमन हा डेस्कटॉप केला. तुझी कम्युनिटी तिथे आहे बघ. मत देऊन काही हाती लागलं नाही तेव्हा त्यांनी कोड उचलला आणि वेगळी चूल मांडली.

गंमत म्हणजे उबुंटू आज ग्नोमच देतं, पण वरून स्वतःचा डॉक, म्हणजे लाँचरसारखाच पट्टा, डेस्कटॉपवरचे आयकॉन आणि मिनिमाइजचं बटण लावून. म्हणजे ऐकलं, फक्त ज्यांना सांगितलं त्यांनी नाही, मधल्या दुकानदाराने ऐकलं.

क्लाससाठी सांगायचं तर पीसी जुने आहेत ना, मग एक्सएफसीई किंवा माटे टाक. ग्नोमच ठेवायचं असेल तर ट्वीक्स नावाचं टूल टाकून त्यातून मिनिमाइज चालू होतं. आयकॉनसाठी एक्स्टेंशन लागेल, आणि एक्स्टेंशन मोठ्या अपडेटला हमखास रुसतात, म्हणून परीक्षेच्या तोंडावर अपडेट करू नकोस.

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो, निवृत्त आहे. कंपन्या सारख्या अभिप्राय द्या, अभिप्राय द्या म्हणतात. तो कुणी वाचतं तरी का?

उत्तर : काका, तुम्ही लिहिलेलं कमी वाचतात, तुम्ही काय क्लिक करता ते जास्त बघतात. मायक्रोसॉफ्टने आकडे पाहिले, लोक प्रोग्राम टास्कबारला पिन करतात आणि स्टार्ट मेनू कमी उघडतात असं दिसलं. मग २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्टचं बटणच काढलं. आकडा खरा होता हो! पण माणूस दिवसातून एकदाच कॉम्प्युटर बंद करतो, म्हणून बंद करायचं बटण बिनकामाचं होत नाही ना. २०१३ मध्ये ८.१ बरोबर बटण परत आलं, मेनू यायला २०१५ चं विंडोज १० उजाडलं. एवढं मोठं नाव, तरी तीन वर्षं लागली. तुम्ही लिहा मात्र, आणि ते आकडे गोळा करणारं सेटिंग बंद केलं असेल तर हेही लक्षात ठेवा की मग तुमच्यासारखे लोक त्यांच्या मोजणीत कमीच दिसतात.

प्रश्न : ताई मी ऐरोलीत डेव्हलपर आहे, सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर करतो. नवीन स्क्रीन दिली की सगळे सेक्रेटरी एकच म्हणतात, जुनं परत आणा. कारण कुणी सांगत नाही, शिव्या मात्र सगळे देतात. यांचं काय ऐकायचं?

उत्तर : शिव्यांचं नको ऐकूस, पण फोन लाव आणि विचार की काल नेमकं कुठलं बिल काढताना अडलात. जुनं परत आणा याचा अर्थ बरेचदा एवढाच असतो की पावती प्रिंट करायला आधी दोन क्लिक लागायचे, आता पाच लागतात. तेवढं दुरुस्त केलंस की नवी स्क्रीन आपोआप गोड लागते. आणि जुनी लगेच काढू नकोस. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ ने जुने मेनू काढून रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, बसवला, लोक हिंडले मेनू शोधत. लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिसनेही २०१७ मध्ये रिबनसारखी पट्टी दिली, पण ज्याला हवी त्याने चालू करायची, मेनू जागच्या जागी. दोन्ही सांभाळायला तुला त्रास होईल हे कळतं मला, म्हणून मार्च संपेपर्यंत तरी ठेव. आर्थिक वर्षाच्या शेवटी ऑडिटर दारात असताना सेक्रेटरींना नवीन स्क्रीन शिकवायला जाशील तर शिव्या खाशील, आणि तेव्हा मी त्यांच्या बाजूने असेन.