तिसऱ्या पानावरचा माणूस

प्रश्न : ताई, मी बदलापूरला राहते, वय ३८, मुंबईत एका लॅबच्या काउंटरवर काम करते. जाऊन येऊन तीन तास लोकलमध्येच जातात, घरी सासूबाई, दोन मुलं, रात्री ओटा आवरेपर्यंत साडेदहा. लिहायची फार हौस आहे हो. दोन वर्षं दिवाळी अंकांना कथा पाठवली, उत्तरसुद्धा आलं नाही. सोबत कथा पाठवतेय. वेळच मिळत नाही तर लिखाण सुधारणार कसं? आणि मला तूच म्हणा.

उत्तर : तुझी कथा दोनदा वाचली, म्हणून आधी कथेबद्दलच बोलते. सुरुवात आहे "पहाटेची मंगलमय वेळ होती, सूर्यनारायण सोनेरी किरणांची उधळण करीत होते". मग दोन पानं असंच सगळं, आणि तिसऱ्या पानावर मधेच एक ओळ येते, रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस पाकीट उघडत नाही, काउंटरला टेकून नुसतं पाकिटावरचं स्वतःचं नाव परत परत वाचतो. अगं, ही ओळ वाचून मी थांबले! हे कुठल्याही पुस्तकात वाचून सुचत नाही, हे काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या बाईलाच दिसतं, आणि तू ते एका ओळीत उरकून परत किरणांकडे गेलीस. पहिली दोन पानं काढून टाक, कथा तिथूनच सुरू कर. त्याच्या हातात पिशवी होती का, सोबत कोण होतं, तू पुढचा नंबर पुकारलास तेव्हा तो बाजूला झाला की तिथेच उभा राहिला, हे सगळं तुला माहितीये, तेच लिही.

म्हणजे बघ, वेळेची ओढाताण खरीच आहे, ती मी नाकारत नाही, पण तुझं अडलंय ते वेळेपाशी नाही. लिहिलेलं परत हातात घ्यायचं राहून जातंय. नवीन कथा लिहायला सलग वेळ लागतो, पण लिहिलेल्या पानातली एक खोटी ओळ शोधायला अंबरनाथ ते कल्याण एवढा वेळ पुरतो. मी २६ वर्षं एका ऑफिसात टपालाची आवक-जावक बघितली, लेक लहान होती तेव्हा तर लिहायला टेबलसुद्धा नव्हतं, पण एक पान घडी घालून पर्समध्ये असायचंच आणि आठवडाभर तेच पान. सोमवारी जे वाक्य फार आवडलेलं असायचं ते शुक्रवारी खटकायचं. त्या खटकण्यातूनच मी शिकले, दुसरं कोणी शिकवायला नव्हतं.

तू पण तसंच करून बघ. गर्दीत वही काढता येत नाही, मला माहितीये, तेव्हा फोनवर टाईप कर नाहीतर पानाचा फोटो काढून ठेव. डब्यात बायका भाजी निवडत बोलतात ना, ते कान देऊन ऐक, कोण कुठे थांबतं, कुठला शब्द गिळतं, आणि उतरल्यावर दोन वाक्यं जशीच्या तशी लिहून ठेव. तुझ्या कथेतली सासू छापील बोलते, "मला तुझी चिंता वाटते" म्हणते, घरात असं कोण म्हणतं गं? खरी सासू "जेवलीस का" एवढंच विचारेल. रात्री भांडी लावताना स्वतःचं पान मोठ्याने म्हणून बघ, जीभ अडखळेल तिथे वाक्य वाकडं असतं.

आणि एक मनापासून सांगते. कामाच्या रगाड्यात लिहायचं म्हटलं की लोक लगेच बहिणाबाईंचं नाव घेतात, त्यांना जमलं मग तुला का नाही. मला हे ऐकवत नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर, शेतात ओव्या सुचायच्या, मुलाने म्हणजे सोपानदेवांनी आणि एका नातेवाइकाने काही उतरवून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या, त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक आलं त्यानंतर, १९५२ मध्ये. ज्या कोणी उतरवून घेतल्या नाहीत त्या गेल्याच. तुझ्या हातात पेन आहे, फोन आहे, तेव्हा काउंटरवर जे दिसतं ते त्याच दिवशी दोन ओळींत नोंदव, रविवारची वाट बघू नकोस. रविवारी पाहुणे येतात. फक्त पेशंटचं नाव, आजार, ओळख पटेल असं काही लिहू नकोस, ते त्यांचं आहे.

दिवाळी अंकाचं म्हणशील तर बरेच संपादक पावसाळ्यातच साहित्य मागवतात, गणपतीत पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी अंक भरलेला असतो. होळीपर्यंत पहिला खर्डा कर, महिनाभर बघूच नकोस, मग परत हातात घे.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, वय २९. पूर्णवेळ लेखनासाठी नोकरी सोडू का?

उत्तर : नको रे बाबा, आत्ता तरी नको. हिशोब कर. समज, पहिली आवृत्ती हजार प्रतींची आहे. किंमत २०० रुपये आणि मानधन दहा टक्के धरलं तर सगळी आवृत्ती संपल्यावर २०,००० रुपये हातात येतात, तेही एकदम नाही. घरभाडं त्यातून निघत नाही, आणि भाड्याची चिंता डोक्यात असली की माणूस मिळेल ते लिहायला लागतो. नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले, आणि त्यांच्या कवितेत हीच कामाची माणसं आली. तुझ्या पत्रात ऑफिसबद्दल एकच ओळ आहे, "कंटाळवाणं आहे". काय कंटाळवाणं आहे, ते पानभर लिहून पाठव.